“दारू सोडली, फक्त बिअर घेतो”

होळी झाली की सातपुड्यात लग्नसराई सुरू होते. हळदीच्या मांडवात पूर्वी मोहाची असे. आता टेम्पोतून बिअरची खोकीही येतात. धडगाव-अक्कलकुवा भागातील बैठकांत दारूचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतो, “दादा, मी दारू सोडली. फक्त बिअर घेतो.” ही माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांना खरोखरच तसे वाटते.

बिअर सातूला मोड आणून, उकळून, आंबवून करतात. मोहाच्या दारूसारखी ती भट्टीवर उतरवत नाहीत, म्हणून घोटागणिक सौम्य लागते. पण बिअर घोटाने कोण पितो? आपल्याकडे बहुतेक स्ट्राँग बिअर खपते. तिच्या बाटलीवर ८ टक्क्यांपर्यंत मद्यार्क लिहिलेला असतो. मोठी बाटली ६५० मिलिलिटरची, म्हणजे तिच्यात सुमारे ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये तो सुमारे २६ असतो. एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग झाले. बैठकीत मी हा हिशेब फळ्यावर मांडतो, तेव्हा मागच्या रांगेतली तरुण मुले एकमेकांकडे बघू लागतात. वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच मद्यार्क कायद्याला चालतो. सडपातळ माणूस एका स्ट्राँग बाटलीत ती मर्यादा सहज ओलांडतो, आणि लिंबूपाणी किंवा कोरा चहा पिऊन तो लवकर उतरत नाही. यकृताला काही तास लागतातच.

दुसरा समज मुतखड्याचा. हा शिकलेल्या लोकांतही पक्का आहे. बिअरने लघवी जास्त होते हे खरे, पण खडा विरघळत नाही. लहान खडे बहुधा आपोआप पडतात, आणि श्रेय बाटलीला मिळते. उलट दारूमुळे शरीरातले पाणी कमी होते, आणि बिअरने युरिक अॅसिड वाढते; काही खडे त्याचेच बनतात. खडा मोठा असून वाट अडली असेल, तर जास्त लघवीने कळ वाढेल. मंडळीतले काही जण इथे तीमथ्याचा दाखला देतात. पौलाने त्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिले होते, मुतखड्यासाठी बिअर नव्हे! खड्याला साधे पाणी भरपूर प्यावे. कळीबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

“उन्हाळ्यात बिअर थंड पडते” हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. अंगातले पाणी कमी झाले की त्यांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि हाडे फोडल्यासारखी वेदना सुरू होते. ऊसतोडीच्या फडावर दिवसभर उन्हात राबून संध्याकाळी पाण्याऐवजी थंड बिअर पिणे, हे अशा तरुणाला दवाखान्यात पोहोचवू शकते. थंड असते ती बाटली; आतला मद्यार्क पाणी बाहेरच काढतो.

बाळंतिणीला बिअरने दूध येते, हाही समज कानावर येतो. मद्यार्क रक्तातून दुधात उतरतो आणि दूध सुटणे उलट कमी होते. बाळंतिणीला नागलीची पेज द्या, डाळ द्या, आणि बाळाला वरचेवर अंगावर घेऊ द्या.

टीबीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. त्या गोळ्यांचा ताण यकृतावर पडतो. बिअरही दारूच असल्याने तो ताण वाढतो, म्हणून उपचार संपेपर्यंत ती पूर्ण बंद ठेवावी. काही जण मात्र पिण्याच्या दिवशी गोळीच टाळतात. ते तर आणखी वाईट, कारण मध्येच खंड पडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. चुकून प्यालात तरी गोळी परस्पर बंद करू नका. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात खरे सांगा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.