खाटेपलीकडची पाठशाळा

भावी वैद्याला रोग रुग्णालयाच्या खाटेवर दाखवावा की तो जेथे उपजतो त्या गावात, या जुन्या वादाचे एक सज्जड उत्तर आपल्याच नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, जामखेडला, रजनीकांत व मेबल आरोळे या वेल्लोरला शिकलेल्या डॉक्टर दांपत्याने १९७० साली देण्यास आरंभ केला. ज्यांतील कित्येक निरक्षर होत्या अशा ग्रामीण स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. आणि पुढे देशोदेशींचे वैद्यकीय विद्यार्थी तेथे शिकावयास येऊ लागले. पदवीधराने अशा सेविकेला गुरू करावे, हे आमच्या विद्यापीठांच्या दप्तरात सहजी बसणारे नव्हे!

२०२१-२२ च्या तुकडीपासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांना गावातील कुटुंबे आरोग्याच्या देखरेखीसाठी दत्तक घेण्याचे फर्मान काढले. अशा विद्यार्थ्याला याच जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी अवश्य धाडावे. तेथील ग्रामसभा पावसाचे मोजमाप पाहून पाण्याचा ताळेबंद मांडते, त्यात पिण्याचे पाणी आधी, शेतीचे मागाहून. आणि विवाहापूर्वी एचआयव्ही तपासणीचा दंडकही याच गावाने स्वतःस घालून घेतला. रक्त तपासणे प्रयोगशाळा शिकवील. वधूवरांच्या वडीलधाऱ्यांची संमती कशी मिळते, हे मात्र ओसरीवर बसूनच कळावयाचे, आणि केवळ हजेरीपत्रकासाठी उरकलेल्या भेटीत त्याला सवड कोठून मिळणार, ही माझी शंका आहे.