कोंबडा की कोंबडी?

दिवाळीच्या फराळात करवंदाचे काय काम, असे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. करवंद हे वैशाखातले फळ, आणि आता तर थंडी पडू लागली आहे. पण गेल्या मे महिन्यापासून हा विषय माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. तो एकदाचा कागदावर उतरवावा म्हणतो.

लहानपणी करवंद तोंडात टाकण्यापूर्वी आम्ही एक पैज लावीत असू. टपोरे काळे फळ चिमटीत धरून समोरच्याला विचारायचे, "कोंबडा की कोंबडी?" मग ते फोडायचे. गर लालभडक निघाला तर कोंबडा, पांढुरका निघाला तर कोंबडी. बाहेरून दोन्ही तितकीच काळी. फळ न फोडता आतले ओळखणारा एकही मुलगा आमच्या आळीत नव्हता. ओळखल्याचा आव आणणारे मात्र पुष्कळ होते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर सापडली. साखरेच्या जिल्ह्यात राहणाऱ्याने याची तक्रार कुणाकडे करावी? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बाकी सर्वांनी सल्ले दिले. सल्ल्यांत जांभूळ पहिले. मी एका दुकानातून जांभळाच्या रसाची बाटली आणली. रंग असा गर्द, की पाहूनच प्रकृतीला उतार पडावा! महिनाभर मी तो रस भक्तिभावाने घेतला.

आमच्या स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राचे एक सहकारी आहेत. त्यांचा माणसांवर विश्वास आहे, बाटल्यांवर नाही. त्यांनी तो रस दोन पेल्यांत घेतला. एकात लिंबू पिळले, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. दोन्ही पेले होते तसेच राहिले. मग बाजारातून आणलेली जांभळे कुस्करून तोच प्रयोग केला. लिंबाच्या पेल्यात रस लाल झाला, सोड्याच्या पेल्यात निळसर काळपट. "जांभळाचा रंग आंबट-खारट ओळखतो," ते म्हणाले. "तुमच्या बाटलीतला रंग काहीच ओळखत नाही." बाटलीत रस किती होता हे यावरून ठरत नाही, पण रंग जांभळाचा नव्हता, एवढे ठरले. मला राग आला तो पैशांपेक्षा त्या महिनाभराच्या भक्तीचा.

या रंगाचे नाव ॲन्थोसायनिन. जांभूळ, करवंद, कोकम, तुती, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, या साऱ्यांच्या लाल-जांभळ्या रंगामागे हेच कुटुंब. वनस्पती ही द्रव्ये स्वतःच्या सोयीसाठी करतात: पक्ष्यांना बोलवायला, कडक उन्हापासून बचाव करायला. माणसाच्या शरीरालाही ती हितकर असावीत म्हणून जगभर त्यांचा अभ्यास चालला आहे. गोळ्या सोडून जांभळे खावीत असे मात्र त्यातून निघत नाही. आमच्या डॉक्टरांनी हे मला दोनदा बजावले आहे, कारण त्यांना मराठीचे प्राध्यापक ठाऊक आहेत.

मग मी सहकाऱ्यांना माझा जुना प्रश्न विचारला: कोंबडा की कोंबडी, हे न फोडता कळेल का?

त्यांनी आधी फोडूनच दाखवले. एका दुपारी प्रयोगशाळेत आम्ही लाल गराची आणि पांढऱ्या गराची करवंदे वेगवेगळी वाटली. आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलात रंग उतरवून घेतला, गाळला. प्रत्येक अर्क दोन द्रावणांत मिसळला, एक फार आंबट, दुसरे कमी आंबट. आणि त्यांतून प्रकाश सोडला. ॲन्थोसायनिन ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा प्रकाश गिळते. म्हणून तर ते आपल्याला लाल दिसते. आंबट द्रावणात ते हा प्रकाश भरपूर गिळते, कमी आंबट द्रावणात जवळजवळ नाही. या दोन्हींतला फरक म्हणजे त्याचे माप. कोंबड्याचा आकडा कोंबडीपेक्षा चांगलाच मोठा आला. पण एवढ्यासाठी सारी दुपार गेली, हात चिकाने बरबटले आणि खायला एकही करवंद उरले नाही.

झटपट रीत निराळी आहे. हातात मावेल एवढे यंत्र फळावर टेकवायचे. त्यातल्या दिव्याचा प्रकाश सालीतून काही मिलिमीटर आत शिरतो, काही गिळला जातो, उरलेला परत येतो. डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश यासाठी विशेष उपयोगी पडतो. विल्यम हर्शेलने १८०० साली तो तापमापीने हुडकला. अमेरिकेच्या शेतीखात्यात कार्ल नॉरिस यांनी धान्याची पारख त्याने करता येते हे दाखवून दिले. काही सेकंदांत आकडा मिळतो आणि फळ शाबूत राहते.

ऐकायला हे जादूसारखे वाटते, पण यंत्र आपल्या बुद्धीने काही जाणत नाही. आधी शेकडो फळांवर त्याचा प्रकाश पाडायचा, मग तीच फळे वाटून आमच्यासारखी दुपार घालवायची, आणि दोन्हींचा मेळ गणिताने बसवायचा. स्ट्रॉबेरीवर शिकलेले यंत्र करवंदापुढे ढ ठरते. पाऊस लांबला, डोंगर बदलला, की पुन्हा शिकवणी. शिवाय फळात बहुतेक पाणीच. त्या पाण्याची खूण इतकी ठळक, की चिमूटभर रंगद्रव्याची कुजबूज तीत ऐकू येणे कठीण. करवंदाची आणखी एक खोड म्हणजे त्याची साल. ती इतकी काळी, की दिसणारा प्रकाश तिथेच अडतो. तेव्हा आमच्या आळीतली पैज अजून तरी सुरक्षित आहे!

प्रकाश फोडून वस्तूची जात ओळखण्याची ही विद्या आपल्या मुलखाला अगदीच परकी नाही. ज्या गगनबावड्याकडून कोल्हापुरात करवंदे येतात, तो घाट उतरून पुढे गेले की विजयदुर्ग लागतो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नॉर्मन लॉकियर दुर्बिणी आणि वर्णपटाची उपकरणे घेऊन तिथे आला होता. हेलियम तिथेच सापडला असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. ते खरे नव्हे. सूर्यप्रकाशातली त्याची पिवळी रेघ १८६८ सालीच हेरली गेली होती. पण सूर्यावर न जाता सूर्यात काय आहे हे सांगू पाहणारी माणसे आपल्या किनाऱ्यावर येऊन राहिली, हे काय थोडे झाले?

आणि मोजमापाचे महत्त्व कोल्हापूरकराला कुणी सांगावे! उसाचा दर साखरेच्या उताऱ्याला बांधलेला आहे, सध्या १०.२५ टक्के हा पाया, त्यावर दशांश टक्का वाढला तरी दर वाढतो. पानाच्या दुकानापुढे उभा असलेला शेतकरीही उतारा दशांशात बोलतो. जे मोजले जाते त्याचे पैसे मिळतात. करवंदाचे तसे नाही. ते मापट्याने विकले जाते, आतला रंग कोणताही असो.

महाद्वार रोडच्या एका कोपऱ्यावर मे महिन्यात एक आजी पाटी घेऊन बसते. पहाटे काट्यांत हात घालून तोडलेली करवंदे, वर पळसाची पाने. माझे नवे ज्ञान मी तिला सांगितले: आजी, असे यंत्र निघाले आहे, करवंदातला गुण सांगेल, दुकानात गुणाप्रमाणे भाव येईल.

तिने हातातले मापटे खाली ठेवले.

"आनि ते यंत्र कुनाकडं असनार, मास्तर? माज्याकडं, का घेनाऱ्याकडं?"

"घेणाऱ्याकडं," मी म्हणालो.

"मग कोंबडी निगाली की तो भाव पाडनार. कोंबडा निगाला तर मला सांगल व्हय?"

मी दोन मापटी घेतली. भाव केला नाही.