लसणाची पाकळी आणि विडीचे बंडल

"डॉक्टर, सहा महिने झाले, रोज उपाशीपोटी दोन पाकळ्या लसूण खातोय. रात्री तिळाचं तेल चोळतोय. तरी पोटरी काही सुटत नाही." गवंडीकाम करणारे, पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ दवाखान्यात आले, त्यांचे हे पहिले वाक्य. सपाट रस्त्याने शंभर-दीडशे पावले चालले की पोटरी आवळून येई. थांबले की दोन-तीन मिनिटांत मोकळी होई. पुन्हा चालले की पुन्हा तेच. बोलताना सदऱ्याच्या खिशातून विड्यांचे बंडल डोकावत होते.

आधी माझी चूक सांगतो. हेच गृहस्थ काही महिन्यांपूर्वी एकदा येऊन गेले होते. तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. मी "वय झालं, कामही कष्टाचं" असे म्हणून दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या. पायातली नाडी पाहिली नाही. दुसऱ्या खेपेला पाहिली, तर डाव्या पावलावर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला नाडी लागेना. पाऊल थंड होते. अंगठ्याशेजारच्या बोटावर भाजल्याची जखम होती. रक्त खेळते व्हावे म्हणून घरच्यांनी तापल्या विटेचा शेक दिला होता. पायाला रक्त कमी, त्यात भाजले. मग ती जखम भरायची कशी? पुढे ते बोट काढावे लागले.

चालताना पोटरी आवळणे आणि थांबल्यावर लगेच मोकळी होणे हे पायाच्या रोहिणीत अडथळा असल्याचे लक्षण असू शकते. वाचकांनी याला नुसता वात समजू नये. विश्रांतीच्या वेळी स्नायूला थोडे रक्त पुरते, चालू लागला की जास्त लागते आणि ते अरुंद नळीतून येत नाही, म्हणून तो दुखतो. हृदयाच्या झटक्याचेही मूळ बहुधा असेच असते. म्हणून अशा माणसाचे रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावे लागते.

आता लसणाचे. लसूण निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटण्याचा गुण त्याने काहीसा कमी होतो, रक्तदाबही थोडा उतरू शकतो. पण बुजलेली नळी त्याने उघडत नाही. शिवाय हृदयविकारासाठी रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी लसणाच्या कॅप्सूल किंवा मूठभर कच्चा लसूण डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. रक्तस्राव वाढू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आपण काय काय खातो ते आधी सांगावे. भाजी-आमटीच्या फोडणीतल्या लसणाला कोणाचीच हरकत नाही.

तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि विडीच्या धुराने त्यांचे आतले अस्तर खराब होते. सकाळी दोन पाकळ्या आणि दिवसभरात दीड बंडल, हा हिशेब जुळणारा नाही. तरुण वयात विडी ओढणाऱ्यांच्या हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या बुजत जाण्याचा एक वेगळाच आजार आहे. लिओ बर्गर यांनी १९०८ साली त्याचे वर्णन केले. त्यात तंबाखू पूर्ण सोडणे हाच मुख्य इलाज; "दिवसाला दोनच" ही तडजोड तिथे चालत नाही. आणि मायबहिणींनो, मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. हिरड्यांतून ती रक्तात जातेच.

तेल लावण्याचे म्हणाल तर काशाच्या वाटीने तळपाय घासून घेणे मलाही आवडते. झोप चांगली लागते. मात्र मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना पुष्कळदा कमी झालेली असते. त्यांनी गरम पाण्यात पाय सोडणे, विटेचा किंवा रबरी पिशवीचा शेक घेणे टाळावे. भाजलेले त्यांना कळत नाही. त्यापेक्षा रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत आणि अनवाणी फिरू नये.

चोळण्याबाबत एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात माहीत हवी. एकच पाय अचानक सुजला, पोटरी टणक, गरम आणि दुखरी झाली, तर त्या पायाला तेल लावून रगडू नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका अधिक असतो. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवरून उतरू देत नाहीत आणि रोज अंग चोळायला बाई येते. विश्रांती हवीच, पण प्रकृती ठीक असेल तर तिला घरातल्या घरात हिंडूफिरू द्यावे. पाय सुजला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दम लागला किंवा छातीत दुखले तर तासभरही थांबू नये.

पायातले रक्त वर चढते ते बरेचसे पोटरीच्या जोरावर. पोटरी आवळली की आतल्या शिरा दाबल्या जातात, आणि शिरांतल्या झडपा रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणाचा ग्रंथ लिहिला, त्यात दंडाला पट्टी बांधून याच झडपा दाखवल्या होत्या. दिवसभर उभे राहणारे न्हावी, शिक्षक, दुकानदार यांच्या पायांवर निळ्या शिरा फुगतात, त्या या झडपा सैल पडल्याने. त्यांनी गिऱ्हाईक नसेल तेव्हा टाचा उचलून वीस-पंचवीस वेळा खालीवर व्हावे. रात्री पायाखाली उशी घ्यावी. शिवणयंत्रावर किंवा गल्ल्यावर बसणाऱ्यांनी तासातासाने उठून चक्कर मारावी. पापड-लोणचे, फरसाण कमी करावे. मीठ दिवसाला सगळे मिळून चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत ठेवावे.

त्या गृहस्थांची जखम भरल्यावर त्यांना गोळ्यांबरोबर चालण्याचाच व्यायाम दिला. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, दुखणे गेले की पुन्हा चालायचे. असे अर्धा तास, आठवड्यातून निदान तीन दिवस. (पायावर जखम असताना किंवा बसल्याजागीही पाय दुखत असताना हे करायचे नाही.) विडी सुटायला दोन महिने लागले, मध्ये एकदा पुन्हा सुरू झाली. तीन महिन्यांनी ते घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत एकदाच थांबून जाऊ लागले. लसूण अजूनही खातात. मी अडवलेले नाही.