करवंद, निरगुडी, अडुळसा : एका गुंठ्याची मिश्र कुपाटी

परसातले रान : लेखांक ६

गडहिंग्लजहून चंदगडच्या वाटेला लागले की नेसरीच्या आसपास पाऊस बदलू लागतो. पूर्वेला मागे राहतो तो बेताच्या पावसाचा, ज्वारी-भुईमुगाचा मुलूख. पुढे आजरा-चंदगडकडे सह्याद्रीचा धो धो पाऊस, भात, नाचणा आणि काजू. १६७४ च्या फेब्रुवारीत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ती खिंड इथलीच, आणि महाराष्ट्राला नेसरी ठाऊक आहे ती त्या खिंडीमुळे. झाडे लावणाऱ्यासाठी मात्र या गावाचे मोल दोन मुलखांच्या सांध्यात आहे. घाटाकडची करवंद आणि धायटी, देशाकडची कोरांटी आणि निरगुडी इथे एकाच परसात सुखाने वाढतात. जिवंत कुंपण घालायला याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल.

जुन्या माणसांना हे नवे नाही. बांधावरची कुपाटी म्हणजे चिल्हार, सागरगोटा, शेर, निवडुंग आणि खुंट रोवल्यावर आपोआप फुटलेला पांगारा. त्यावर गुळवेल चढायची, गुंज चढायची, पावसात कळलावीची लाल-पिवळी फुले डोकवायची. ती कुपाटी पाखरांसाठी कुणी घातलेली नव्हती. गुरे आत शिरू नयेत एवढाच हेतू होता. पण हाताला लागेल ते रोवल्यामुळे आणि उगवेल ते राहू दिल्यामुळे तिच्यात कधी फूल, कधी फळ, कधी नुसती दाट सावली असायचीच. पुढे तार आली, सिमेंटचे खांब आले, कंपाउंड वॉल आली. त्यांची कारणे खरी होती. कुपाटी जागा खाते, दरवर्षी डागडुजी मागते, आणि शेजाऱ्याच्या हद्दीत वाढली की भांडण लावते.

आज ज्यांना हिरवे कुंपण हवे असते ते बहुधा रोपवाटिकेतून एकाच जातीची रोपे आणतात. पिवळ्या पानांचा ड्युरांटा किंवा नुसती मेंदी रांगेने लागते, कात्रीने सरळ रेषेत राखली जाते आणि फुलण्याआधीच छाटली जाते. दिसायला ती नेटकी असते. पाखराला मात्र तिथे ना खायला मिळते, ना घरटे करायला जागा, कारण वारंवार छाटलेल्या कुंपणाचा पाला वरवरच दाट असतो आणि आत नुसत्या काड्या उरतात. शिवाय एका जातीवर रोग पडला की सगळी रांगच जाते.

मिश्र कुंपणाचा सर्वांत मोठा प्रयोग भारतातच झाला, आणि तोही एका वाईट कामासाठी. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रजांनी सिंधूपासून ओरिसापर्यंत सुमारे चार हजार किलोमीटरची जकात-रेषा आखली होती. तिच्या मोठ्या भागावर, थेट बुऱ्हाणपुरापर्यंत, काटेरी कुंपण होते. आधी ते वाळलेल्या काट्यांचे होते. वाळवी, आग आणि वादळ यांपुढे ते टिकेना. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आणि भारतीय पक्ष्यांचे मोठे अभ्यासक. त्यांनी जिवंत कुंपणावर भर दिला आणि त्या-त्या मातीत कोणती देशी काटेरी झुडपे तग धरतात ते लावून पाहिले. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर अशी सरमिसळ झाली. जिथे जमीन पाणथळ तिथे मातीचा उंच वरंबा घालून त्यावर लागवड झाली. १८७९ मध्ये ती रेषा रद्द झाली आणि कुंपण विरून गेले. गरिबाच्या मिठावर पहारा ठेवणारे ते कुंपण गेले हे चांगलेच झाले. पण मातीनुसार जाती निवडायच्या आणि एकीवर विसंबायचे नाही, हा त्यातला अनुभव नेसरीच्या परसातही तंतोतंत लागू पडतो.

कोणत्याही फुलावर फुलपाखरू बसले म्हणजे झाड उपयोगाचे, असा एक समज आहे. घाणेरीवर फुलपाखरे खूप येतात. ती अमेरिकेतून शोभेसाठी आणली गेली, बुलबुलांनी तिची काळी फळे खाऊन बी डोंगरभर पसरवले आणि आता ती इथल्या झुडपांची जागा अडवून बसली आहे. फुलपाखराला मधाइतकीच अळीसाठी पाने लागतात, आणि ती ठरलेल्या झाडाचीच लागतात. लिंबाच्या पानांवर राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉरमॉन अंडी घालते. २०१५ मध्ये तिला महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून मान मिळाला. कढीपत्त्यावर तिची लहान बहीण, कॉमन मॉरमॉन वाढते. कोरांटीवर पॅन्सी गटातली फुलपाखरे अंडी घालतात. करवंदाच्या पानांवर एका मोठ्या हिरव्या पतंगाची निळ्या डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी सापडते. सापसंदाचा एक वेल कुंपणावर सोडला तर क्रिमसन रोज येऊ शकते.

अळ्या पाने खातात तेव्हा औषध फवारायचा मोह होतो. तो आवरायला हवा. बुलबुल फळे खातो, शिंजीर मध पितो, पण दोघेही पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात. फवारलेल्या कुंपणात घरटे झाले तरी पिल्ले उपाशी राहतात.

आता प्रत्यक्ष लागवड. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. तिच्या एका बाजूला दोन ओळींत, दोन-दोन फुटांवर, एका ओळीतले रोप दुसरीतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल अशी लागवड केली तर सुमारे ३२ रोपे लागतात. दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवावे आणि हद्दीपासून निदान दोन फूट आत यावे, म्हणजे छाटायला शेजाऱ्याच्या दारात जावे लागत नाही. यात आठ करवंदी, सहा निरगुडी, सहा अडुळसे, चार कोरांट्या, तीन धायट्या, तीन कढीपत्ते, एक मुरूडशेंग आणि एक कागदी लिंबू बसते. कोरांटी बुटकी असते, तिला उन्हाच्या बाजूला कडेला ठेवावे. करवंद मध्ये असावी, कारण तिच्या काट्यांच्या आत केलेल्या घरट्यापर्यंत मांजर सहज पोचत नाही.

या निवडीत महिन्यांचा हिशेब आहे. थंडीत अडुळसा आणि कोरांटी फुलतात. उन्हाळ्याच्या तोंडाला, आजूबाजूचा डोंगर करपत असताना, धायटीच्या लाल नळ्यांवर शिंजिरांची झुंबड उडते. मे महिन्यात करवंदे पिकतात. त्यातली वरची पाखरांना आणि हाताला येतील ती मुलांना, ही जुनी वाटणी चांगली आहे. पावसाळ्यात कढीपत्त्याची काळी फळे, निरगुडीची जांभळट फुले आणि मुरूडशेंगेचा तांबडा बहर असतो.

खड्डे वळिवाच्या आधी, वैशाखात घ्यावेत, फूटभर खोल. त्यात शेणखत आणि वरची माती भरून ठेवावी आणि मृगाचा पाऊस नीट लागला की रोपे लावावीत. निरगुडी आणि अडुळसा विकत घ्यायची गरज नाही. अंगठ्याएवढ्या जाडीची, वीतभर लांब फांदी दोन डोळे मातीत जातील अशी खोचली की पावसात फुटते. करवंदीचे बी मात्र ताजेच लावावे लागते, साठवले की उगवत नाही. मे महिन्यात पिकल्या फळातले बी धुऊन पिशवीत टाकावे आणि रोप पुढच्या पावसात बाहेर काढावे. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी आणि बुडाशी उसाच्या पाचटाचे आच्छादन दिले की झाडे जगतात. शेराची आठवण अनेकांना होईल. त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार इजा करतो, तेव्हा मुले खेळतात त्या परसात तो नकोच.

सापाची भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. साप येतो तो उंदरामागे, आणि उंदीर येतात ते खरकटे, धान्य, विटांचे ढीग आणि लाकडांच्या मोळ्या यांच्यामागे. म्हणून कुंपण घराच्या भिंतीपासून दहा-बारा फूट लांब असावे, त्याच्या बुडाशी अडगळ टाकू नये, आणि रात्री त्या बाजूला जाताना हातात बॅटरी असावी. पाला-पाचोळ्याचा पातळ थर राहू द्यायला हरकत नाही. दयाळ आणि सातभाई त्यातलेच किडे उपसून खातात.

छाटणी दिवाळीनंतर करावी. उन्हाळ्यात बुलबुलांची आणि पावसाळ्यात शिंप्याची घरटी असतात. शिंपी अडुळशासारखी रुंद पाने शिवून त्यांत घरटे करतो, आणि ते शेजारी उभे राहूनही दिसत नाही. एका वर्षी कुंपणाची एकच बाजू छाटावी, नाहीतर धायटी आणि करवंदीचा त्या हंगामाचा बहर सगळाच जातो. उंची पाच-सहा फुटांवर राखली की पुरे. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत मधल्या फटी बुजतात. तरीही कुठे राहिलीच तर तिथे गुळवेलीचा तुकडा खोचावा. पुढच्या लेखांकात याच परसात पाखरांसाठी पाणी कुठे आणि किती खोल ठेवावे, ते पाहू.