नवा थर्मोस्टॅट लावला आणि घर गार पडलं

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतोय. आपला एक श्रोता नुकताच ओहायोत स्वतःच्या घरात राहायला गेलाय. त्याने हौसेने वायफायवाला थर्मोस्टॅट आणला, भिंतीवरचा जुना काढला, नवा लावला, तर स्क्रीन काळीच. मेसेजमध्ये मागून बायकोचा आवाज येतोय, "अरे, पण रात्री काय करायचं आता?"

मला हसू नाही आलं. कारण दोन वर्षांपूर्वी हेच मी केलंय. शिकागोजवळ, जानेवारीत, बाहेर उणे १८ सेल्सियस. त्यात आई-बाबा पुण्याहून आलेले. आई दोन स्वेटर आणि शाल घेऊन सोफ्यावर, आणि मी बेसमेंटमध्ये तोंडात टॉर्च धरून फर्नेससमोर उकिडवा. त्या रात्री जे शिकलो ते आज सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. थर्मोस्टॅट घर गरम करत नाही. तो फक्त एक बटण आहे, हुशार बटण म्हणा. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत फर्नेसच्या आत एक ट्रान्सफॉर्मर असतो, तो १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो. हे २४ व्होल्ट 'आर' नावाच्या वायरने भिंतीपर्यंत येतात. थर्मोस्टॅटने 'आर' आणि 'डब्ल्यू' जोडले की हीट सुरू. 'आर' आणि 'वाय' जोडले की बाहेरचा एसीचा कॉम्प्रेसर. 'आर' आणि 'जी' जोडले की नुसता पंखा. झालं, एवढंच.

मग 'सी' कशाला? 'सी' म्हणजे कॉमन, करंटचा परतीचा रस्ता. जुन्या थर्मोस्टॅटला त्याची गरज नव्हती. काहींच्या आत पाऱ्याची काचेची कुपी असायची (तसला निघाला तर कचऱ्यात टाकू नका, पारा विषारी असतो), काही दोन पेन्सिल सेलवर चालायचे. नव्याला मात्र स्क्रीन आणि वायफाय चालवायला चोवीस तास वीज हवी. म्हणजे 'आर'ने यायला हवी आणि 'सी'ने परत जायला हवी. तुमच्या घरात 'सी' जोडलेलीच नसेल तर स्क्रीन उघडणार नाही, किंवा दोन दिवस चालून तिसऱ्या दिवशी मान टाकेल.

आता रंगांबद्दल. यूट्यूबवर सगळे सांगतात, लाल म्हणजे 'आर', पांढरी 'डब्ल्यू', पिवळी 'वाय', हिरवी 'जी', निळी 'सी'. ही नुसती पद्धत आहे, नियम नाही. ज्याने पंचवीस वर्षांपूर्वी तुमच्या घरात वायर टाकली त्याच्या हातात त्या दिवशी जी वायर उरली होती ती त्याने लावली. म्हणून रंग बघू नका, वायर कोणत्या अक्षराच्या स्क्रूखाली आहे ते बघा. आणि भिंतीवर बघितलं तसंच फर्नेसच्या बोर्डवरही बघा, कारण वायरला दोन टोकं असतात. फोन खिशात आहेच, जुना काढण्याआधी दोन्हीकडचे फोटो काढा. जवळून, फ्लॅश लावून, अक्षरं वाचता येतील असे. मी काढला होता, पण घाईत. त्यात माझा अंगठाच जास्त दिसतो.

आणि त्याच्याही आधी वीज बंद. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची नाही, फर्नेसची. फर्नेसजवळ दिव्याच्या बटणासारखं एक बटण असतं, नाहीतर पॅनेलमधला ब्रेकर पाडा. मी म्हटलं, २४ व्होल्ट तर आहेत, शॉक थोडाच बसणार? शॉक नाही बसला. पण 'आर'चं उघडं टोक 'सी'ला घासलं. ठिणगी दिसलीसुद्धा नाही, आणि फर्नेसच्या बोर्डवरचा फ्यूज उडाला.

मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं नवा पीसच खराब आहे. बॉक्समध्ये भरून दुकानात परत द्यायला निघालो होतो. बाबा म्हणाले, "अरे, जुना लाव ना तोवर." लावला. त्यात सेल होते, त्यामुळे स्क्रीन लागली, टक् असा आवाजही आला. पण फर्नेस गप्प.

सगळी गंमत इथे आहे. जुना, कालपर्यंत चालणारा थर्मोस्टॅट परत लावूनही हीट येत नसेल, तर दोष नव्या थर्मोस्टॅटमध्ये नाही, खाली फर्नेसकडे काहीतरी झालंय. आणि जुना नीट चालत असेल, तर फर्नेस आणि फ्यूज ठणठणीत आहेत, गडबड नव्याच्या जोडणीत किंवा सेटिंगमध्ये आहे. या एका चाचणीने अर्धं काम होतं.

फर्नेसकडे गेलात तर काय बघायचं? वीज बंद करून खालचं झाकण काढा. बऱ्याच बोर्डांवर गाडीत असतो तसाच चपटा प्लॅस्टिकचा फ्यूज असतो, ३ अँपिअरचा जांभळा किंवा ५ अँपिअरचा फिकट तपकिरी. आतली तार तुटलेली दिसली की समजा. गाडीच्या पार्ट्सच्या दुकानात मिळतो. पण जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच घ्या. "१५चा घालतो, पुन्हा उडायला नको" असला शहाणपणा केला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल. नवा फ्यूज लगेच उडाला तर दुसरा घालत बसू नका, कुठेतरी दोन वायरी अजून चिकटलेल्या आहेत.

आणि झाकण! त्याच्यामागे एक छोटा स्विच असतो. झाकण नीट बसलं नाही तर फर्नेसला वीजच मिळत नाही. फ्यूज बदलल्यावर मी पुढची वीस मिनिटं या झाकणापायी घालवली. उन्हाळ्यात अजून एक भानगड होते. एसीच्या पाण्याचा ट्रे तुंबला की तिथला फ्लोट स्विच काही घरांत 'आर'च तोडतो, आणि आपण उगाच भिंतीवरच्या डब्याला शिव्या देतो.

मल्टिमीटर असेल तर तो एसी व्होल्टवर ठेवून 'आर' आणि 'सी' मोजा. २४ ते २८च्या आसपास आलं तर वीज पोहोचतेय.

स्क्रीन लागते पण हीट नाही, असं असेल तर? वायर हलकेच ओढून बघा, निम्म्या वेळा ती नीट रुतलेलीच नसते. तरी नाही, तर वीज बंद करून थर्मोस्टॅट काढा, 'आर' आणि 'डब्ल्यू' एका छोट्या वायरने जोडा, वीज चालू करा. गॅस फर्नेस असेल तर आधी छोटा पंखा घुरघुरतो, मग बर्नर पेटतो, थोड्या वेळाने मोठा पंखा. असं झालं तर फर्नेस आणि वायर दोन्ही ठीक आहेत. हे 'वाय'वर करू नका, कॉम्प्रेसर पटापट चालू-बंद केला तर तो बिघडतो.

हीट पंप असेल तर ही चाचणी नकोच. तिथे 'ओ/बी' नावाची वायर असते, ती गरम की गार हे ठरवते. हीट लावली आणि गार वारा आला, तर बहुतेक वेळा वायर नाही, अ‍ॅपमधलं 'ओ' की 'बी' हे सेटिंग उलटं असतं. एक खाचखळगा सांगतो. काही जुन्या हीट पंपांत 'बी' अक्षराखाली चक्क कॉमन वायर असते. ती नव्याच्या 'ओ/बी'त घातली की शॉर्ट.

आणि भिंतीतून बारीक रंगीत वायरींऐवजी दोन-चार जाड वायरी टोप्या लावून बाहेर आल्या, तर तिथेच थांबा. तो थेट १२० किंवा २४० व्होल्टचा, बेसबोर्ड हीटरचा थर्मोस्टॅट आहे. इलेक्ट्रिशियन बोलवा. पुण्या-मुंबईतून ऐकणाऱ्यांनाही हेच, तुमच्या गीझरचा थर्मोस्टॅट २३० व्होल्टवर असतो. आजचं काहीही तिथे करायला जाऊ नका. आणि फर्नेसजवळ गॅसचा वास आला तर बटणालाही हात लावू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा.

तर आमच्या ओहायोवाल्या दोस्ताला मी आधी तेच विचारलं, "जुना लावून बघितलास?" लावला, चालला. म्हणजे त्या रात्री झोपायची तरी सोय झाली. सकाळी त्याने फोटो पाठवले. भिंतीवर निळी वायर 'सी'मध्ये अगदी व्यवस्थित बसवलेली. मी म्हटलं, "आता खाली फर्नेसपाशी जा, तिथला फोटो टाक." खाली तीच निळी वायर केबलच्या सालीभोवती गुंडाळून ठेवलेली, कुठेच न जोडलेली. वीज बंद केली, टोक सोललं, बोर्डवरच्या 'सी'खाली दाबलं, झाकण नीट बसवलं. दहा मिनिटांत स्क्रीन लागली.

त्याच्या केबलमध्ये जास्तीची वायर होती हे नशीब. तुमच्या नसेल तर थर्मोस्टॅटच्या कंपनीचा 'सी'साठीचा जोड-डबा मिळतो, किंवा सॉकेटमध्ये लावायचा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. भिंतीवरून एक वायर लोंबत राहते, दिसायला बरं नाही, पण चालतं.

आमच्याकडे त्या रात्री साडेअकराला फर्नेस सुरू झाला. आई म्हणाली, "सकाळपर्यंत आता कशाला हात लावू नकोस."