बलभद्राचे सहा महिने

२०२१ सालच्या मे महिन्यात माझ्या थोरल्या बंधूंचा एकुलता मुलगा कोरोनाने गेला. वय चौतीस. रुग्णवाहिकेत तो स्वतः चालत जाऊन बसला होता. अकराव्या दिवशी पहाटे रुग्णालयातून दूरध्वनी आला. अंत्यदर्शन नाही, कानात णमोकार मंत्र सांगितल्याचे समाधान नाही, चार आप्तांचा खांदा नाही. उठावणाही होऊ शकला नाही. लोणंदकरांना आठवत असेल, सलग दोन वर्षे माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या आणि नीरास्नानानंतर माणसांनी फुलून जाणारा आपला पालखीतळ रिकामा राहिला. भेटायला येणाऱ्यांची दारे बंद झाली तेव्हा दुखवट्याला माणसे का जातात, हे मला प्रथमच कळले.

त्या दिवसांत माझ्या हातून एक चूक झाली. ती कबूल केल्याशिवाय या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार नाही. पाचव्या दिवशी वहिनी मोठमोठ्याने आक्रोश करीत होत्या. मी जवळ जाऊन बसलो आणि स्वाध्यायमंडळात बोलावे तसा बोललो, "वहिनी, रडू नका. शोकाने असातावेदनीय कर्माचा बंध पडतो. त्याचे आयुकर्मच तेवढे होते." वहिनींनी पदराने डोळे पुसले. "बरं भाऊजी," एवढेच म्हणाल्या. त्यानंतर त्या रडल्या नाहीत. बसलेल्या मंडळींनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले, आणि खोटे कशाला सांगू, मलाही बरे वाटले. आठ-दहा दिवसांनी ध्यानात आले की वहिनी बोलतही नाहीत. मंदिरात जात, जपमाळ हातात धरीत, पण मणी पुढे सरकत नसे. नात "आजी, आजी" करीत मांडीवर चढे आणि उतरून निघून जाई.

बंधूंचे निराळेच. बाजार आवार उघडताच ते गाळ्यावर जाऊन बसले. आमची कांद्याची आडत तीन पिढ्यांची. (कांदा घरात शिजत नाही आणि घर चालते कांद्यावर, यावरून आमच्या आजोबांची थट्टा होत असे.) "शेठ खंबीर आहेत," असे हमालांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वजण म्हणत. मी बँकेत छत्तीस वर्षे काढलेला माणूस. एकदा सहज रोजमेळ चाळायला घेतला. ज्या माणसाची बेरीज उभ्या आयुष्यात चुकली नव्हती, त्याच्या प्रत्येक पानावर खाडाखोड होती. एका शेतकऱ्याची पट्टी दोनदा अदा झाली होती, दुसऱ्याची तोलाई लावायचीच राहून गेली होती. डोळ्यांना वाट मिळाली नाही म्हणून त्यांचे दुःख वहीत उतरले होते.

मी वहिनींना जे सांगितले ते शास्त्राला धरून होते का, हे पाहण्यासाठी पुढे मी तत्त्वार्थसूत्र पुन्हा उघडले. असातावेदनीयाच्या आस्रवात दुःख, शोक, ताप, आक्रंदन यांची गणना आहे, हे खरेच. पण त्याच सूत्रात ते स्वतःला, दुसऱ्याला अथवा दोघांनाही उत्पन्न करण्याविषयी म्हटले आहे, हे मी सोयीने विसरलो होतो. आणखी पुढे, नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे प्रकार येतात. प्रिय माणसाच्या वियोगाने होणारे आर्तध्यान हा त्यांपैकी एक. ते कोणाला होते? अविरताला होते, देशविरताला होते, आणि सहाव्या गुणस्थानातील प्रमत्तसंयत मुनींनाही होते, असे सूत्रकार स्वच्छ सांगतात. शोक ही नोकषायांपैकी एक प्रकृती, आणि तिचा उदय आठव्या गुणस्थानापर्यंत मानलेला आहे. मग चौथ्या-पाचव्या पायरीवर चाचपडणाऱ्या एका आईकडून पाचव्या दिवशी वीतरागतेची अपेक्षा मी कोणत्या आधारावर केली? आर्तध्यान त्याज्य आहे, पण ते होतच नाही असे भासविणे हा त्याचा त्याग नव्हे.

याच सुमारास रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणातील लक्ष्मणाच्या मृत्यूचा प्रसंग पुन्हा वाचला. सातव्या शतकातील हा संस्कृत ग्रंथ. आपल्यापैकी अनेकांनी शास्त्रसभेत त्यातील कथा ऐकली असेल. लक्ष्मण गेला हे राम मान्यच करीत नाहीत. ते त्याला स्नान घालतात, जेवू घालू पाहतात, त्याचा देह खांद्यावर घेऊन हिंडतात. बिभीषण येतो, सुग्रीव येतो, संसाराच्या अनित्यतेवर बोलतात. बोलणे खरे असते, पण रामांना ते शिरत नाही, उलट रागच येतो. आपल्या परंपरेत बलभद्राचा हा शोक सहा महिन्यांचा मानला आहे. हरिवंशपुराणात कृष्णाचा देह घेऊन फिरणाऱ्या बलदेवांचेही तसेच. शेवटी पूर्वभवीचे दोन स्नेही देवगतीतून रामांकडे येतात, एक जटायूचा जीव आणि दुसरा सेनापती कृतांतवक्त्राचा. ते उपदेश करीत नाहीत. रामांसमोर वाळलेल्या झाडाला पाणी घालतात, पाणी घुसळतात, घाण्यात वाळू टाकून पिळतात. त्यांतला एक खांद्यावर प्रेत घेऊन येतो. राम त्याला विचारतात, हे काय चालविले आहे? आणि विचारता विचारता त्यांना स्वतःच्या खांद्याकडे पाहावे लागते.

लहानपणापासून ही कथा मी मोहाच्या निंदेसाठी सांगितलेली ऐकली आहे. या वेळी निराळ्या दोन गोष्टी दिसल्या. एक, पुराणकारांनी त्रेसष्ट शलाकापुरुषांतील एका थोर पुरुषाला सहा महिने दिले आहेत; आणि याच रामांचा जीव पुढे मोक्षाला गेला. दुसरी, जो ऐकला गेला तो ज्ञानी म्हणून नव्हे, त्याच्याही खांद्यावर ओझे होते म्हणून.

आमच्या घरी तसा देव आला तो नोव्हेंबरात. हळवा कांदा बाजारात यायला लागला होता. लिलाव आटोपल्यावर खंडाळा तालुक्यातल्याच एका खेड्यातील शेतकरीण पट्टीचे पैसे न्यायला आली. बंधू गाळ्यावर नव्हते, म्हणून घराकडे आली आणि ओट्यावर टेकली. तिचाही मुलगा त्याच लाटेत गेलेला. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. ती "जे झालं ते झालं" म्हणाली नाही, "देवाची मर्जी" म्हणाली नाही. पाणी पिऊन तिने विचारले, "बाई, तुमच्या पोराला खायाला काय आवडायचं?"

मी आत वर्तमानपत्र वाचत होतो. किती तरी वेळ उत्तर आले नाही. मग वहिनींचा आवाज आला, "वरणफळं." आणि मग रडणे, सहा महिने कोंडलेले. ती बाई उठली नाही, तिने थांबवलेही नाही. मध्येच ती स्वतःही रडली. आपल्या मुलाला सणाच्या पोळीपेक्षा शिळी भाकरी कशी गोड लागे, ते सांगत राहिली. दोघी दीड तास बसल्या होत्या. त्या रविवारी आमच्या घरी वरणफळे झाली. कोणाच्या घशाखाली धड उतरली नाहीत, पण वहिनींनी नातीला पहिल्यांदा तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली.

हे केवळ आमच्या ओट्यावर घडले असे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्या वेळी भारतीय जैन संघटनेचे संस्थापक श्री. शांतिलाल मुथ्था यांनी तेथील बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातून उभे राहिले. पुढे आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांनाही तेथे आसरा मिळाला. आपण त्या कार्याकडे दानधर्म म्हणून पाहतो. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या वर्गात शेजारच्या बाकावरच्याचेही घर पडलेले आहे, तेथे मुलाला आपले दुःख समजावून सांगावे लागत नाही. आणि सकाळी घंटा होते, अभ्यास असतो, जेवणाची वेळ ठरलेली असते. उद्याचा दिवस कसा जाणार, हे कोणी तरी आधीच ठरवून ठेवलेले असते.

त्याहून जुने उदाहरण मगनबाईंचे. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांची ही कन्या ऐन तारुण्यात विधवा झाली. त्या काळी आपल्या समाजात विधवेला महिनोन्महिने घराच्या कोपऱ्यात बसवीत. शोक पाळण्याची तीच रीत समजली जाई. शेठजींनी मुलीला कोपऱ्यातून काढून अभ्यासाला बसविले. पुढे त्यांनी श्राविकाश्रम उभारला, तोही एकटीने नव्हे. त्यांच्या सोबतीच्या कंकुबाई आणि ललिताबाई याही विधवाच होत्या.

काळाविषयी दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात प्रदीर्घ शोक हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदला आहे. तसे निदान करण्यासाठी जी किमान मुदत सांगितली आहे ती सहा महिन्यांची. पद्मपुराणाशी हा योगायोगच असेल. पण मुदतीआधी रडणाऱ्याला आजारी ठरवू नये आणि मुदतीनंतर त्याला एकटे सोडू नये, एवढे दोन्हींतून समजते. सहा महिने उलटूनही झोप नाही, अन्न नको, घरातल्यांची ओळख नकोशी, असे चालले असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. आणि जगण्यात अर्थ नाही अशी भाषा कानी पडली, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो. हा दूरध्वनी मात्र दार लावून करतो.

व्यापारी घरांना, बँकेतल्या अनुभवावरून, आणखी एक सांगावेसे वाटते. मृत खातेदाराच्या दाव्याची कागदपत्रे पूर्ण असली तर बँकेने तो पंधरा दिवसांत निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. नामनिर्देशन असेल तर काम सोपे होते. नसेल तर आजच करून घ्या. पण दावा मिटला म्हणून गाळा विकणे, भागीदारी मोडणे, सुनेच्या नावावरच्या ठेवींची हलवाहलव करणे, हे निर्णय पहिल्या काही महिन्यांत घेऊ नयेत. माझ्या टेबलासमोर अशा घाईने सह्या केलेली माणसे वर्षभराने परत येऊन बसलेली मी पाहिली आहेत. आमच्या बंधूंनीही आडत बंद करण्याचे ठरविले होते. मी त्यांना एवढेच म्हटले की दिवाळीची वही तेवढी घालू, मग पाहू. आता सूनबाई दुपारी गाळ्यावर बसते. रोजमेळ तीच लिहिते. बंधू बेरीज तपासतात.

२०२२ मध्ये पालखी पुन्हा लोणंदला आली. वहिनींनी वारकऱ्यांना पाणी वाटण्यासाठी दारात मांडव घातला आणि त्या शेतकरणीलाही निरोप धाडून बोलावून घेतले. मुलाच्या अक्षरातली २०२१ सालची वही मात्र त्यांनी अजून कपाटातून हलवू दिलेली नाही. कोणी हलवावी असे मलाही वाटत नाही.

गेल्या चातुर्मासात आमच्या ओळखीच्या एका घरातला कर्ता तरुण अपघातात गेला. भेटायला आम्ही दोघे गेलो. बैठकीत एक सद्गृहस्थ त्याच्या आईला कर्मसिद्धांत समजावून सांगत होते, माझेच शब्द, जवळजवळ माझ्याच आवाजात. वहिनी त्यांना काही बोलल्या नाहीत. त्या उठून त्या माउलीच्या शेजारी जाऊन बसल्या, तिचा हात हाती घेतला आणि हळूच विचारले, "ताई, त्याला खायला काय आवडायचं?"