मोठ्या परिषदेच्या आगेमागे

उपयोजित गणिताची जागतिक परिषद दर चार वर्षांनी भरते. पहिली १९८७ साली पॅरिसला झाली; २०२३च्या ऑगस्टमध्ये ती टोकियोच्या वासेदा विद्यापीठात भरली होती. हवामानापासून रक्तप्रवाहापर्यंत सगळे विषय तिथे एकाच आठवड्यात कोंबलेले असतात. एका वेळी अनेक दालनांत व्याख्याने चालतात आणि बहुतेक वक्त्यांच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. प्रश्न रंगात येतात न येतात तोच पुढचा वक्ता उभा!

ही उणीव उपग्रह परिषदा भरून काढतात. मुख्य परिषदेच्या थोडे आधी किंवा नंतर, त्याच शहरात किंवा जवळपासच्या ठिकाणी, एकाच विषयावर त्या भरतात. आयोजक वेगळे, खर्चाची तजवीजही बहुधा त्यांचीच. मुख्य परिषद फक्त मान्यता देते. फळ्यावर एखादी सिद्धता पायरीपायरीने उलगडायला इथे सवड मिळते. लांबून आलेल्या संशोधकाचे एकाच विमानभाड्यात दोन्ही साधते, यजमान देशातल्या विद्यार्थ्यांना नामवंत गणितज्ञ घराजवळ भेटतात. २०१० साली हैदराबादला गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय काँग्रेस झाली, तेव्हा अशा परिषदा देशातल्या इतर शहरांतही भरल्या होत्या.